रेघ काही जाईना

ह्यांनी नदीकाठचा दगड उचलून जिभेने चाटला, तेव्हाच मी कानाला खडा लावायला हवा होता की या माणसाबरोबर पुन्हा सहलीला यायचं नाही. भर दुपारी, चार माणसांदेखत चाटला. कोरड्या दगडाचा खरा रंग कळत नाही, ओला केला की कळतो, म्हणून म्हणे. पाणी जवळ नव्हतं का? अहो, नदी दहा पावलांवर वाहत होती! "तेवढ्यासाठी तिथवर कोण जाणार," असं म्हणून ह्यांनी पुढचा दगड तोंडाशी नेला. मी इस्पितळात मेट्रन. हात धुवा, हात धुवा म्हणून चौतीस वर्षं मी लोकांच्या मागे लागले, आणि माझा सख्खा नवरा वाळूतले दगड आइस्क्रीमसारखे चाटत चालला होता.

ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या आणि जाता जाता गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनवायचे, यात ह्यांचं आयुष्य गेलं. दुकानात शिरलं की समोरच पाटी आहे : 'चष्मा शर्टाला पुसू नये. काच तुमची, डोळेही तुमचेच.' काचेवर केसाएवढी रेघ असली तरी ह्यांना ती दारातून दिसते. बरं, ही नजर दुकानाला कुलूप लावताना तिथेच ठेवून यावी की नाही? तर नाही. चादरीची सुरकुती, कपाचा उडालेला टवका, भिंतीवरचं कॅलेंडर एका बाजूला झुकलेलं, काही सुटत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ह्यांनी कशाला 'छान' म्हटल्याचं मला आठवत नाही. फार खूश असले तर 'चालेल' म्हणतात. मला पहिल्यांदा भेटून घरी गेल्यावरही 'चालेल' एवढंच म्हणाले होते, असं सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

अडीच वर्षांपूर्वी ह्यांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टर म्हणाले, एखादा छंद लावून घ्या. माणसं अशा वेळी बुद्धिबळ खेळतात, कुंडीत टोमॅटो लावतात. ह्यांनी जुन्या बाजारातून एक यंत्र उचलून आणलं. एका दांड्यावर सहा चाकं, वर पाण्याची नळी, खाली पत्र्याचं तसराळं. ते ठेवायचं कुठे? धुण्याच्या जागेत, कारण तिथे नळ. मग कपडे धुण्याचं मशीन स्वयंपाकघरात आलं, स्वयंपाकघरातला फ्रीज बाहेरच्या खोलीत आला आणि बाहेरच्या खोलीतली सासूबाईंची खुर्ची सरकत सरकत थेट दारात जाऊन बसली. "आता मला राखणीला बसवलंय," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

काम तसं समजायला सोपं आहे. दगडाची चकती कापायची, तिच्यावर अंडाकृती आकार आखायचा, बाहेरचा भाग उडवायचा. उरलेला तुकडा लाखेने एका काडीच्या टोकावर चिकटवायचा आणि ती काडी बोटांत फिरवत चाकावर धरून बसायचं. पहिलं चाक ऐंशी नंबरचं, अगदी खरखरीत. मग दोनशेवीस, मग सहाशे, असं बारीक बारीक होत शेवटी चामड्याचं चाक आणि पांढरी पूड. वरून घुमट, खालून सपाट असा गुळगुळीत खडा तयार होतो. पैलूबिलू काही नाही. त्याला कॅबोशॉन असं भारदस्त नाव आहे, पण आमच्या घरात त्याला खडाच म्हणतात. तयार खडा काडीवरून सुटावा म्हणून काडीसकट फ्रीजरमध्ये ठेवायचा. गारठला की टक्कन सुटून पडतो. त्यामुळे आमच्या फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीशेजारी नेहमी चार-पाच खडे झोपलेले असतात. एकदा सासूबाईंनी त्यातला एक बर्फ समजून सरबतात टाकला. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याच्यावर तीन पेले सरबत रिचवलं आणि मग मला हाक मारून म्हणाल्या, "हल्लीचा बर्फ चांगला झालाय गं. विरघळतच नाही मेला."

पहिल्या दोन वर्षांत ह्यांनी तीसेक खडे केले आणि गावभर वाटले. नणंदेला लाल, भाच्याच्या बायकोला पिवळा, दातांच्या डॉक्टरांकडे नावं लिहून घेणाऱ्या मुलीला निळा. तिला का? तर तिने एकदा 'किती सुंदर' म्हटलं म्हणून. मी म्हटलं, अहो, मीही म्हणते किती सुंदर, आता द्या मला एक. तर म्हणाले, "तुझा खास करायचाय. घाई करून चालणार नाही."

खास दगड मात्र मलाच सापडला होता, त्याच नदीकाठी. मी तो पाण्यात बुडवून पाहिला, हे सांगायला नकोच. दुधी काचेसारखा अकीक, आणि कापल्यावर आत निघालं एक हिरवं झाड. म्हणजे झाड नव्हे, दगडातलीच नक्षी, पण हुबेहूब. खोड, तीन फांद्या, आणि उजवीकडच्या फांदीवर एक काळपट ठिपका. तो पक्षी होता. ह्यांच्या मते तो 'दोष' होता, पण माझ्या मते पक्षीच होता.

मी तेव्हाच ठरवलं, निवृत्त होताना निरोप समारंभाला हाच खडा गळ्यात घालायचा. आता ह्यात काय एवढं, असं कोणालाही वाटेल. पण वॉर्डात आम्हाला अंगावर दागिना घालायला बंदी असते. गळा मोकळा, मनगट मोकळं, बोटं मोकळी. जंतुसंसर्ग होतो. नवीन आलेल्या किती पोरींच्या साखळ्या मी स्वतः उतरवून घेतल्या असतील आणि पाकिटात घालून वर नावं लिहून ठेवली असतील. चौतीस वर्षं मी त्या इमारतीत मोकळ्या गळ्याने फिरले. शेवटच्या दिवशी पांढरे कपडे नाहीत, आपल्या आवडीचे कपडे घालायचे, गळ्यात आपलं झाड, आणि त्याच वॉर्डातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चक्कर मारायची. बस. एवढीच माझी हौस होती.

हातात चार महिने होते. खडा पंधरा दिवसांत तयार झाला. सोनाराने त्याच्या मापाचं चांदीचं कोंदण करून ठेवलं, तीस मिलिमीटर बाय बावीस. फक्त खडा द्यायचा आणि बसवून आणायचा. ह्यांनी तो दिव्याखाली धरला. चष्म्यावर भिंग लावून पाहिला. आणि म्हणाले, "रेघ आहे."

मी पाहिला. मला काही दिसेना.

"ओल्यात दिसत नाही, कोरड्यात दिसते," ह्यांनी मला समजावलं. "आणि एकदा रेघ राहिली की वरवरची मलमपट्टी कामाची नाही. परत दोनशेवीसवर जायचं."

परत दोनशेवीस, मग सहाशे, मग बाराशे. घासला की दगड झिजतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला कळलं नव्हतं ते हे, की वरचा थर गेला की आतलं चित्रही बदलतं. दुसऱ्या खेपेला खडा फ्रीजरमधून निघाला तेव्हा पक्षी उडून गेला होता. कोंदणात ठेवला तर खडा घरात बसलेल्या भाडेकरूसारखा इकडून तिकडे खुशाल फिरायला लागला. सोनाराने नवीन कोंदण केलं, पंचवीस बाय अठरा. ह्यांनी खडा दिव्याखाली धरला. "रेघ आहे."

तिसऱ्या खेपेला झाडाची एक फांदी गेली. कोंदण अठरा बाय तेरा. सोनार माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, अजून पेंडंट होतंय. पुढच्या वेळी अंगठी होईल. त्याच्या पुढच्या वेळी आधी मला भिंग घ्यावं लागेल."

आणि माझ्या एकट्याच्या खड्याचंच असं नव्हतं. त्या चार महिन्यांत ह्यांचा एकही खडा पुरा झाला नाही. प्रत्येकावर रेघ. बिस्किटांच्या डब्यात साठवलेले खडे आधी बोराएवढे होते, मग वाटाण्याएवढे झाले, पुढे पुढे तर तूरडाळीच्या वळणावर गेले. दुकानातही तेच. ठोक व्यापाऱ्याकडून आलेल्या काचांचे तीन खोके ह्यांनी 'रेघा आहेत' म्हणून परत पाठवले. तो बिचारा फोनवर शपथा घेत होता. हे म्हणाले, हल्ली कोणाला कामाची चाड राहिलेली नाही.

पण मला त्या तूरडाळीशी काय करायचं होतं? मला मनातून लागलं होतं ते वेगळंच. अख्ख्या जगाचे खडे विनातक्रार पुरे झाले, त्या दातवाल्यांकडच्या मुलीचासुद्धा, आणि माझी पाळी आली तेव्हाच ह्यांना रेघा दिसायला लागल्या. मला वाटायला लागलं, ह्यांना माझ्यासाठी केलेलं काही संपवायचंच नाहीये. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं. हे चाक बंद करून म्हणाले, "तुझ्या गळ्यात सदोष वस्तू घालू का?" पुन्हा चाक सुरू. पुढे बोलायची सोयच नाही.

समारंभ शनिवारी पाच वाजता होता. खडा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सोनाराकडे जायला हवा होता. गुरुवारी संध्याकाळी हे धुण्याच्या जागेतून बाहेर आले, खडा मेजावरच्या दिव्याखाली धरला आणि खुर्चीत मटकन बसले. तोंड बघूनच मला कळलं.

"उद्या दुपारी दुकान बंद असेल तेव्हा पुन्हा दोनशेवीसवर घेतो," हे म्हणाले. "तासाभराचं काम."

"अहो, दोन फांद्या राहिल्यात. झाड जाईल ना सगळं!"

"मग काय करू? रेघ आहे."

मी म्हटलं, दाखवाच मला. आज डोळे फुटले तरी बघणार.

"ही काय. डावीकडून वरून निघाली, उजवीकडे खाली उतरली."

मी खडा त्यांच्या बोटांतच पाव फिरवला. "आता?"

"आताही... डावीकडून उजवीकडे." ह्यांनी खडा डोळ्यांजवळ नेला. "ही दुसरी असेल."

मी आणखी थोडा फिरवला.

"तिसरी," हे म्हणाले आणि खडा मेजावर ठेवला.

मी मेट्रन आहे, तपासणी मशीन बिघडलंय की पेशंट, हे मला कळतं. दगड फिरला तर त्याच्यावरची रेघ फिरायला नको? ह्यांनी डोळे चोळायला चष्मा काढला आणि सवयीने अंगावरच्या कामाच्या एप्रनला पुसला. एप्रन कसला तो, दगडाच्या राडीने वाळून पापड झालेला. तोंड धुऊन येतो म्हणून हे आत गेले, चष्मा मेजावर. मी तो उचलला आणि डोळ्यांना लावला.

डाव्या काचेत, खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे जवळचं बघायच्या जागेत, एक तिरकी पांढुरकी रेघ होती. खड्यावर ती होती. वर्तमानपत्रावर होती. चहाच्या कपावर, माझ्या स्वतःच्या तळहातावर होती. दारातल्या खुर्चीत बसलेल्या सासूबाईंच्या जवळ जाऊन मान वर करून पाहिलं. त्यांच्याही तोंडावर एक रेघ वाढली होती, पण तिथे आधीच इतकी गर्दी की कोणाला पत्ता लागणार?

"काय बघतेस माकडासारखी?" सासूबाई म्हणाल्या.

मी चष्मा त्यांच्या डोळ्यांना लावला. मोतीबिंदू काढल्यापासून सासूबाईंना घरात सगळ्यांत जास्त दिसतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं, आणि तोंडावर हात दाबून हसायला लागल्या. मीही हसले. तोंडात बोळा कोंबून हसावं तसं दोघी हसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात अगदी दिव्याखालीच सापडला होता.

मग हे तोंड पुसत बाहेर आले, मी चटकन मेजावर परत ठेवलेला चष्मा चढवून, बिस्किटांचा डबा उघडून त्या डाळीएवढ्या खड्यांकडे बघत बसले, आणि माझं हसू मावळलं. चार महिन्यांतले ते सगळे खडे स्वच्छ होते. सगळे. ते तीन खोकेही. 'चष्मा शर्टाला पुसू नये' अशी पाटी लावून गावाला धडे देणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? रोग्यांच्या नातेवाइकांना मी काय काय सांगितलंय, माझं मला माहीत. पण 'अहो, रेघ तुमच्याच काचेवर आहे' एवढं एक वाक्य काही केल्या जिभेवर येईना. ह्यांनी दुसऱ्या दिवशी यंत्र विकून टाकलं असतं आणि पाटीही उतरवली असती. न सांगावं तर माझं झाड जात होतं.

"उद्या दुपारी हा झोपतो ना," सासूबाई हळूच म्हणाल्या. "काच बदलून आण."

"कोणाकडून?"

"समोरच्याकडून. दुसरं कोण आहे गावात?"

समोरचा म्हणजे ह्यांच्या दुकानासमोरचा चष्मेवाला. त्याचं आणि ह्यांचं अकरा वर्षं बोलणं नाही. ह्यांनी एका गिऱ्हाइकाची काच तिरकी बसवली, असं तो कोणाला तरी म्हणाला होता. दुसऱ्या कोणी घरात दरोडा घातला असता तर ह्यांनी एखादे वेळी माफ केलं असतं.

शुक्रवारी दुपारी हे जेवले, मला तीनला उठव, मग दोनशेवीस, असं बजावून आडवे झाले आणि घोरायला लागले. मी चष्मा पर्समध्ये टाकून निघाले. आपल्याच नवऱ्याच्या बंद दुकानाकडे पाठ करून समोरच्या दुकानात शिरताना मला परपुरुषाला भेटायला चालल्यासारखं वाटलं.

"तुम्ही? आमच्याकडे?" समोरचा उठून उभाच राहिला.

"एका पेशंटचा आहे," मी म्हटलं. "डावी काच बदलायची. लगेच हवीय."

त्याने चष्मा उजेडाकडे धरला. ती फ्रेम तो अकरा वर्षं रस्त्यापलीकडून रोज बघत होता. त्याने काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाचा रंग कुठला झाला होता कोणास ठाऊक.

"पेशंट पाथरवट आहे का?" त्याने विचारलं.

"छंद आहे त्यांना."

तो हसला नाही. खरं सांगते, हसला असता तर मी चष्मा हिसकावून परत आले असते. त्याने नंबर मोजला, नवी काच काढली, घासली, बसवली, दोनदा काढून पुन्हा बसवली. पाऊण तासाने चष्मा मऊ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पेशंटला सांगा, चष्मा शर्टाला पुसू नये. काच त्यांची, डोळेही त्यांचेच."

घरी परतले तर बाहेरूनच सासूबाईंचा आवाज ऐकू आला : "डावीकडे! अजून डावीकडे!" हे अडीचलाच उठले होते. चष्म्याशिवाय ह्यांना हात लांबवला तर बोटं दिसत नाहीत, आणि चष्म्याशिवाय चष्मा शोधायचा म्हणजे सासूबाईंच्याच हातात सूत्रं. त्यांनी लेकाला पलंगाखाली घातलं होतं, कपड्यांच्या मशीनमध्ये वाकायला लावलं होतं, फ्रीजरमधले मटार चिवडायला लावले होते. मी आत गेले तेव्हा हे चारी पायांवर कपाटाखाली होते आणि फक्त पाठ दिसत होती. मी चष्मा फ्रीजवर ठेवला आणि म्हटलं, "अहो, हा काय इथे."

"तिथे मी दोनदा पाहिलं," हे कपाटाखालून म्हणाले.

"दिसत नाही ते नाहीच दिसत," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे न बघता तरातरा धुण्याच्या जागेत गेले. दिवा लागला. मी दारात उभी. ह्यांनी खडा उचलला, काडीला बोटं लावली, यंत्राचं बटण दाबलं आणि चाकाला टेकवायच्या आधी सवयीने एकदा दिव्याखाली धरला.

मग यंत्र बंद केलं.

खडा फडक्याने कोरडा केला. फिरवला. भिंग लावलं. पुन्हा फिरवला. "अगं," हे म्हणाले, "रेघ गेली."

"अय्या, कशी काय?" मी म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज उगाच लाडिक होतो, पण ह्यांचं लक्ष कुठे होतं!

ह्यांनी स्टुलावर बसून विचार केला. आणि पाच मिनिटांत शास्त्र मांडलं. पॉलिश झाल्यावर दगड आतून तापलेला असतो, तेव्हा रेघ दिसते, रात्रभर शांत राहिला की तो आपला आपण सावरतो, आणि आपण चार महिने त्याला सावरायला वेळच दिला नाही. हे सगळं ह्यांनी वहीत लिहून काढलं : 'पॉलिशनंतर अठरा तास विश्रांती द्यावी. घाई करू नये.' खाली दोन रेघा ओढल्या. मी ओठ दाबून उभी होते. बाहेर सासूबाईंना खोकल्याची मोठी उबळ आली. मग खडा फ्रीजरमध्ये गारठून सुटताच हे एका पायात स्वतःची आणि एका पायात माझी चप्पल घालून सोनाराकडे पळाले, तिथून तसेच दुकानात गेले.

शनिवारी चार वाजता मी तयार झाले. निळे कपडे, गळ्यात बारीक चांदीची साखळी आणि तिच्यात झाड. अठरा बाय तेरा, दोन फांद्या, पक्षी नाही. आरशात बघितलं तर डोळ्यांत पाणीच आलं. गळ्याला त्याचा गारवा लागत होता आणि मी सारखा हात लावून बघत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यातलं उतरवलेल्या बाईला आपल्या गळ्यातलं कसं सांभाळावं तेच कळेना.

"इकडे ये, खिडकीपाशी," हे म्हणाले. "नीट बसलाय का बघू दे."

हे ताडमाड आणि मी ह्यांच्या खांद्याला लागते. माझ्याकडे बघायचं तर ह्यांना नेहमी काचेच्या खालच्या अर्ध्यातूनच बघावं लागतं. ह्यांनी वाकून खडा पाहिला, कोंदणाची कड नखाने चाचपली, समाधान झालं. मग नजर वर आली. माझ्या चेहऱ्यावर आली आणि थांबली. ह्यांनी हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. मग दुसरीकडे वळवलं. अगदी खडा फिरवतात तसं.

"ती रेघ कुठे गेली?"

"कुठली रेघ?"

"तुझ्या गालावरची. इथून," ह्यांनी बोट माझ्या डोळ्याखाली टेकवलं आणि हनुवटीपर्यंत आणलं, "इथपर्यंत."

माझा हात गालावर गेला. मग ह्यांनी सावकाश चष्मा काढला आणि खिडकीकडे धरला. चाळीस वर्षं काचा हाताळलेला माणूस, त्याला सांगायला काय लागतंय? अंगठा डाव्या काचेच्या कडेवरून फिरला.

"नवी आहे," हे म्हणाले.

मी गळ्यातलं झाड मुठीत धरलं.

"समोरच्याने बसवली?"

"हो."

ह्यांनी काच डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, टेबलाच्या कडेशी जुळवून पाहिली. मला वाटलं, आता चष्मा आपटणार. "सरळ बसवलीये," हे म्हणाले आणि पलंगावर बसले. ओठ हलत होते, बहुधा डब्यातले खडे आठवत होते. नाहीतर खोके. मी शेजारी बसले.

"कोणाला कळणार नाही," मी म्हटलं. "मला आणि आईंना सोडून."

"आणि समोरच्याला."

"आणि समोरच्याला."

"मी कोणाला सांगणार नाही!" दारातून सासूबाई ओरडल्या. म्हणजे शेजारच्या घरालाही कळलं.

ह्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग पलंग हलायला लागला. मीही हसत होते, आणि हसता हसता माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं.

"थांबा," मी म्हटलं. "म्हणजे चार महिने तुम्हाला माझ्या गालावर रेघ दिसत होती?"

"रोज."

"एवढी मोठी?"

"चांगली वीतभर. मला वाटलं, वय झालं आता, आली असेल."

"आणि तुम्ही बोलला नाहीत? परवा टॉवेलची घडी दोन बोटं वाकडी होती तर मला झोपेतून उठवून दाखवलीत!"

ह्यांना माझा प्रश्नच कळेना. चष्मा परत डोळ्यांवर चढवून हे माझ्याकडे बघत राहिले, गालाकडे, जिथे आता काही नव्हतं तिथे.

"त्यात काय बोलायचं?" हे म्हणाले. "शोभत होती तुला."

समारंभाला आम्ही वीस मिनिटं उशिरा पोहोचलो, कारण मला पुन्हा एकदा तोंड धुवावं लागलं.